रांग चुकवायचा एक्स्प्रेस पास: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरल्यावर

आमच्याकडे अलिबागजवळ दोन खोल्या आणि एक छोटी खानावळ आहे. सुट्टीत आलेले पाहुणे समुद्र, कुलाबा किल्ला आणि सुरमई आटोपली की पुढचा बेत मनोरंजन पार्कचा करतात. मग ताटावर बसल्या बसल्या विचारतात, "ताई, तो रांग चुकवायचा पास घ्यावा का? की नुसतेच पैसे काढायचे धंदे?" दर वेळी तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. गेल्या दिवाळीत घरात सगळ्यांचे वार्षिक पास काढले आणि अधूनमधून त्यावर एक्स्प्रेसही घेतला. नाताळ, सहलींचा मोसम, मे महिना आणि आता पाऊस, सगळं बघून झालं. पार्कचं नाव मुद्दाम घेत नाही. मला जे म्हणायचंय त्याला एकच पार्क धरून बसायचं कारण नाही.

आधी वस्तू काय आहे ते. प्रवेशाचं तिकीट सगळ्यांना सारखं. त्यावर आणखी पैसे भरले की मनगटाला वेगळ्या रंगाची पट्टी बांधतात. मोठ्या राइड्सना दोन दारं असतात, त्यातलं एक पट्टीवाल्यांचं. प्रत्येक राइडला एकदाच सोडतात, आणि काही राइड्स यादीतच नसतात, तेव्हा यादी तिकीट खिडकीवरच वाचून घ्या. किंमत दिवसाप्रमाणे चढते-उतरते. आडदिवशी झेपते, नाताळच्या आठवड्यात जवळजवळ दुसऱ्या तिकिटाएवढी होते. वार्षिक पास असला तरी हे पैसे वेगळे.

काम करतो का? करतो, पण सगळीकडे नाही. जून-जुलैच्या मंगळवारी-बुधवारी घेतलात तर पैसे पाण्यात. मुळात रांगच नसते, आणि वीज-वारा सुरू झाला की उघड्यावरच्या उंच राइड्स बंद ठेवतात, त्या ठेवायलाच हव्यात. पट्टी मनगटाला तशीच राहते. वेव्ह पूलला रांग कसली, तिथे पट्टी बघायलाही कुणी उभं नसतं. एका फेरीत भरपूर माणसं नेणाऱ्या राइड्सची रांग बाहेरून भीती घालते, पण सरकते भराभर. खरा फरक पडतो तो लहान बोटींच्या राइडला, आणि ट्यूबच्या त्या घसरगुंड्यांना जिथे खालच्या जीवरक्षकाची शिट्टी वाजल्याशिवाय वरून पुढचा सोडत नाहीत. तिथे माणूस एकेकटा खाली जातो आणि जिन्यावरची रांग ओल्या पायांनी उभी. मे महिन्यातल्या रविवारी अशा ठिकाणी पट्टीनं आमचा दिवस वाचवला, हे मान्य करते. लेकीच्या आणि भाच्याच्या सगळ्या मोठ्या राइड्स जेवणाच्या आतच झाल्या. साध्या तिकिटावर तेवढं संध्याकाळपर्यंतही झालं नसतं.

म्हणजे वस्तू खोटी नाही. माझी अडचण वेगळी आहे, आणि ती बाहेरून दिसत नाही. ती दिसते दोन रांगा जिथे एकत्र येतात तिथे.

राइडवर चढायच्या जरा आधी एक साखळी किंवा दोरी असते आणि तिच्यापाशी विशीतला एक मुलगा उभा असतो. या बाजूचे किती, त्या बाजूचे किती, हे तो ठरवतो. पट्टीवाले तुरळक असले तर कुणाला पत्ताही लागत नाही. पण मोसमात त्या दारानं एकदम घोळका येतो, आणि पट्टीवाल्याला खोळंबलेलं बघणं त्या मुलाच्या जिवावर येतं, कारण तक्रार करायला आधी तोच जातो. साध्या रांगेतला तक्रार करत नाही. जागा जाईल म्हणून तो रांग सोडतच नाही. मग दोरी या बाजूला बंद राहते आणि त्या बाजूला उघडी. मी दोन्ही बाजूंनी उभी राहिलेय. पट्टीच्या बाजूनं गेलं की साध्या रांगेकडे बघायचं टाळतो आपण.

हिशेब भाच्यानं मांडून दाखवला. तो डिप्लोमाला आहे, त्याला असल्या गोष्टी सुचतात. म्हणाला, "मामी, धर, एका गाडीत चोवीस जण आणि तासाला वीस फेऱ्या. म्हणजे तासाला ४८० माणसं. आपल्यापुढे २४० असतील तर अर्धा तास. आता निम्म्या सीटा त्या दारानं गेल्या, तर आपला अर्धा तास झाला एक तास. चारातल्या तीन गेल्या तर दोन तास." गाडी तीच, तिचा वेगही तोच, पुढे दिसणारी माणसंही तितकीच. फक्त आपल्या पुढच्या माणसांची संख्या खरी राहत नाही. साध्या रांगेत कोण पुढे आहे हे डोळ्यांनी दिसतं. दुसऱ्या दारानं कोण येणार आहे ते त्या वेळी कुठेतरी बसून मिसळ खात असतं. (पार्कला हे आवडतं ते याचसाठी. रांगेत अडकलेला माणूस खर्च करत नाही.) आणि राइड मध्येच तपासणीसाठी थांबली, तर सुरू होताना आधी कोण आत जातं ते सांगायला नकोच.

माझ्या वाचवलेल्या तासाला कुठेतरी कुणीतरी उभं असतं. राइडची ताकद एका माणसानंही वाढत नाही, नुसतं थांबणं या अंगावरून त्या अंगावर सरकतं. मला मिळालेला तास पार्कनं बनवलेला नाही, तो मागच्या माणसाचा आहे. त्यानं तो विकला नाही आणि त्याला कुणी विचारलंही नाही. दोघांनीही प्रवेशाचे पैसे पुरते मोजलेले.

डिसेंबर-जानेवारीत हे फार टोचतं, कारण तेव्हा शाळांच्या सहली असतात. एसटीच्या लाल गाड्या ओळीनं लागलेल्या, सहलीला एसटीचं भाडं निम्मं पडतं म्हणून. मुलांच्या टोप्या एका रंगाच्या, बाईंच्या हातात हजेरीची वही. एकदा दक्षिण रायगडातली एक शाळा आमच्या आगेमागे होती. वर्गणी गणपतीपासून थोडी थोडी जमा केली, असं त्यांचे सर बोलता बोलता म्हणाले. सहलीच्या सवलतीच्या तिकिटावर एक्स्प्रेस मिळतच नाही, हेही त्यांच्याचकडून कळलं. लेकीच्या मनगटाकडे बोट दाखवून एका मुलानं मला विचारलं, "काकी, हे कुठे मिळतं?" मी खिडकी दाखवली, किंमत सांगितली. तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "माणशी?" मी हो म्हटलं. तो मित्रांना सांगायला पळाला, आणि त्यांच्यात मोठा हशा पिकला. त्यांना राग वगैरे काही आला नव्हता. चारच्या सुमाराला सरांनी शिट्टी वाजवली, अंधाराच्या आत घाट-वळणं पार करून गाड्या गावाला पोहोचायला हव्या होत्या, आणि दोरीपासून हाताच्या अंतरावर आलेली ती अख्खी ओळ राइडवर न चढता बाहेर निघाली. ज्या घोळक्यानं त्यांची पाळी खाल्ली त्यात आम्ही होतो की नव्हतो, हे सांगता येणार नाही. पट्टी मात्र आमच्याही हाताला होती.

घरात यावर एकमत नाही, आणि समोरची बाजू लेचीपेची नाही. नवरा म्हणतो, रांगेत उभं राहणाऱ्यामुळे पार्कचं वीजबिल भरत नाही. पट्टीवाला जास्त देतो, त्यावर पार्क चालतं, म्हणून साधं तिकीट आवाक्यात राहतं. त्याहून जड मुद्दा नणंदेचा. ती डोंबिवलीला नर्स आहे. म्हणाली, "वहिनी, तुला वार्षिक पास आहे, आज नाही झालं तर पुढच्या महिन्यात येशील. मला मुलाबरोबर वर्षातला एक अख्खा दिवस मिळतो. तो जिन्यावर उभं राहून घालवू? मी काय श्रीमंत आहे म्हणून घेते?" हे खरं आहे. पट्टीवाले सगळे पैशाच्या माजानं येतात असं समजणारे कधी त्या रांगेत उभे राहिलेले नसतात. त्यात कितीतरी जण वेळेचेच गरीब असतात. पण मी तिला म्हटलं, त्या शाळेच्या मुलांनाही एकच दिवस होता. आणि तिकिटाचं म्हणाल, तर एक्स्प्रेस सुरू झाल्यामुळे साधं तिकीट इतक्यानं उतरलं, अशी पाटी निदान मला कुठल्या खिडकीवर दिसलेली नाही.

जास्त पैसे देऊन जास्त काही घेण्यात मला वावगं वाटत नाही. आपण कोकणातली माणसं रोज बघतो. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या बोटीत एसीचं तिकीट वेगळं, वरच्या डेकचं वेगळं. ज्याला वारा हवा तो वर बसतो, ज्याला गारवा हवा तो आत. पण धक्का सगळ्यांना एकदमच लागतो, आणि वर बसलेल्यामुळे खालच्याची बोट उशिरा सुटत नाही. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, सुरू झाली, तिच्यातही बसायचे वर्ग वेगवेगळे आहेत, पोहोचायची वेळ मात्र एकच. पार्कनं पट्टीवाल्याला सावलीत बसायला खुर्ची द्यावी, लॉकर द्यावा, कोरडा टॉवेल द्यावा, जेवण चांगलं द्यावं, मी खुशीनं पैसे मोजीन. यातलं काहीही दिलं तरी मागच्याचं काही जात नाही.

आता माझा धंदा मध्ये आणते, कारण गल्ल्यावर बसल्याशिवाय ही गोष्ट नीट कळत नाही. मे महिन्यात दुपारी आमच्या ओट्यावर माणसं थांबलेली असतात. कुणी ना कुणी कानाशी येऊन म्हणतं, "ताई, वरचे पाचशे घ्या, पण आधी बसवा." समजा मी घेतले. मग मला दुसरी शेगडी कशाला हवी? आणखी एक बाई कामाला कशाला लावू? ओटा जितका भरलेला, तितके वरचे पैसे. ज्या दिवशी गर्दी नीट हलेल त्या दिवशी माझी वरकमाई बुडेल. पाचशे घेणं हा तेवढ्यापुरता अन्याय झाला, पण रांग लांब राहण्यातच माझा फायदा आहे, ही सवय लागली की खानावळ बिघडलीच. पार्कवाले मुद्दाम रांग वाढवतात असा माझा आरोप नाही, पुरावा नाही माझ्याकडे. इतकंच म्हणते की जो रांग सांभाळतो तोच रांगेतून सुटका विकतो, तेव्हा दुसरी गाडी रुळावर आणायची घाई त्याला कितपत असेल याचा विचार करा. मोसमातल्या गर्दीतही एखाद्या राइडला एकच गाडी फिरताना दिसते तेव्हा हा विचार डोक्यात येतोच.

बाहेरच्या देशांत ही वाट कुठवर गेली ते दिरानं सांगितलं, तो अमेरिकेत असतो. डिस्नीनं १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता. यंत्रातून कागद घ्यायचा, त्यावर छापलेल्या वेळेला परत यायचं आणि आखूड रांगेनं आत जायचं. तोही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, कारण ज्यांना युक्ती माहीत असायची ते सकाळी धावत जाऊन कागद घ्यायचे आणि पहिल्यांदा आलेला बिचारा बघत बसायचा. पण निदान कागद सगळ्यांना मिळू शकत होता. २०२१ मध्ये तो बंद झाला आणि त्या जागी पैसे देऊन घ्यायची सोय आली, फ्लोरिडात सुरुवातीला दिवसाला माणशी १५ डॉलर. २०२४ मध्ये त्याच्याही वरचा पास निघाला, आणि तिथल्याच मॅजिक किंगडम पार्कमध्ये गर्दीच्या दिवसांत त्याची किंमत माणशी ४४९ डॉलरपर्यंत गेली. पंचवीस वर्षांत फुकट कागदापासून इथवर. आपल्याकडे वंडरलासारखी पार्कं फास्टट्रॅकचं तिकीट उघडपणे वेगळं विकतात, किंमत समोर लिहिलेली असते. त्या उघडेपणाबद्दल मला बरंच वाटतं. आमच्या लहानपणी बोटीत बसून गोराईला एस्सेलवर्ल्डला जायचो, तेव्हा मधे घुसणाऱ्याला अख्खी रांग ओरडायची. आता घुसणाऱ्याला दार करून दिलंय, तर ओरडायचं कुणाला?

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. त्यांना गुडघ्यामुळे फार वेळ उभं राहवत नाही. आगगाडी आणि बोटीची संथ राइड, एवढंच त्यांना करायचं असतं. त्यांच्यासाठी पट्टी घेतली तेव्हा मनात काही आलं नाही, पण खिडकीवर पैसे देताना राग मात्र आला. ज्याला उभं राहता येत नाही त्याला पाळी येईपर्यंत बसवून ठेवायला काय खर्च आहे? नंबर लिहून द्या, बाकावर बसवा, पाळी आली की हाक मारा. याचा गैरफायदा घेणारे निघतील हे मला ठाऊक आहे. डिस्नीतही अपंगांच्या सवलतीचा इतका गैरवापर झाला की २०१३ मध्ये त्यांना जुनं कार्ड बंद करून नवी पद्धत आणावी लागली. त्या पद्धतीत माणसाला पुढे घुसवत नाहीत, साध्या रांगेला जेवढा वेळ लागेल त्या बेतानं परत यायची वेळ देतात. मला हीच पद्धत सगळ्यात सरळ वाटली. त्यात रांग मोडत नाही, उभं राहणं तेवढं वाचतं. आपल्याकडे हे मोबाइलवर सहज जमेल, आणि मग एक्स्प्रेस विकत घेणारे निम्मे लोक कमी होतील. अर्थात म्हणूनच ते लवकर होणार नाही.

तोवर पास विकायचाच असेल तर मला पार्ककडून थोडंच हवंय. दिवसाला किती पट्ट्या विकणार तो आकडा खिडकीवर लिहा आणि संपल्या की संपल्या. एका गाडीत पट्टीवाल्यांच्या जास्तीत जास्त किती सीटा, ते दोरीपाशी लिहा, म्हणजे तो विशीतला मुलगा दोन्हीकडच्या शिव्या खाणार नाही. सहलींच्या दिवशी दुपारी दोननंतर साधी रांग आधी सोडा, त्यांच्या गाड्या थांबत नाहीत. एकेकट्या माणसांची वेगळी ओळ करा. काही मोठ्या पार्कांत ती असते, गाडीतली रिकामी सीट तिथून भरतात आणि कुणाचंच नुकसान होत नाही. भाचा आनंदानं एकटा बसेल, त्याला आमच्याशेजारी बसायची हौस तशीही उरलेली नाही. रेल्वेच्या तत्काळवरही मी गणपतीत दर वर्षी चिडते, पण तिथे निदान तत्काळला किती सीटा उरल्या हे पडद्यावर दिसतं.

आता पाहुण्यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. पावसाळ्यात आणि शाळा चालू असताना आडदिवशी जाणार असाल तर घेऊ नका, गेट उघडताना पोहोचा आणि सगळ्यात आतली मोठी राइड आधी करा, कारण सकाळी लोक दाराजवळच्याच राइड्सना गर्दी करतात. जेवणाच्या वेळेलाही रांगा ओसरतात, तेव्हा जेवण अकरालाच उरकून घ्या किंवा तीनला. मे महिन्यातल्या रविवारी किंवा नाताळात एकाच दिवसासाठी लांबून येणार असाल आणि पैसे टोचत नसतील, तर घ्या, मी नावं ठेवणार नाही. सगळ्या घरासाठी घेण्यापेक्षा ज्यांना मोठ्या राइड्स करायच्या आहेत तेवढ्यांसाठीच घ्या. पोराची उंची घरी मोजून निघा, कारण पट्टी असली तरी उंची कमी भरली की मोठ्या राइडवर घेत नाहीत आणि पट्टीचे पैसे परत मिळत नाहीत. आम्ही यंदा वार्षिक पास पुन्हा काढलाय, एक्स्प्रेस नाही घेणार. आम्हाला आडदिवशी जाता येतं, नणंदेला येत नाही, ती तिचं बघेल. आणि पाण्यात जायचं तर नायलॉनचे कपडे घरून आणा. सुती कपड्यांवर घसरगुंडीला सोडत नाहीत, आणि तिथे भाड्याचे कपडे घ्यायलाही रांग असते. त्या रांगेला अजून तरी एक्स्प्रेस नाही.